शाळेची वाट कोणाच्या अखत्यारीत? : महाराष्ट्रातील शालेय व्यवस्थापन आणि विद्यार्थी वाहतूक यांविषयीच्या कायद्यांची चिकित्सा

सारांश

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याने शाळेच्या कारभारात पालकांना बहुमताचे स्थान दिले. महाराष्ट्र मोटार वाहन (स्कूल बस विनियमन) नियम, २०११ यांनी शाळकरी मुलांच्या वाहतुकीला शिस्त लावण्याचा प्रयत्न केला. दोन्ही तरतुदी अवघ्या दोन वर्षांच्या अंतराने आल्या. परंतु त्यांची परस्परांशी सांगड घातली गेली नाही. ज्या समितीत पालकांचे बहुमत आहे तिच्याकडे वाहतुकीविषयी निर्णयाधिकार नाही आणि जी समिती वाहतुकीचा विचार करते तिच्यात पालकांचा आवाज नाममात्र आहे. या विसंगतीचे स्वरूप, तिची ऐतिहासिक पार्श्वभूमी आणि कमी पटाच्या शाळांच्या समायोजनात तिचे दिसून येणारे परिणाम यांची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

बीजसंज्ञा : शाळा व्यवस्थापन समिती, परिसर शाळा, विद्यार्थी वाहतूक, समूहशाळा, स्थानिक प्राधिकरण

प्रास्ताविक

सन २०२२ च्या प्रारंभी सातारा जिल्ह्यातील जावळी तालुक्यातल्या एका गावच्या मुलींचे वृत्त प्रसिद्ध झाले. या मुली कोयना जलाशयातून स्वतः होडी वल्हवीत पैलतीर गाठत आणि पुढे जंगलातील वाट तुडवून शाळेत पोहोचत. मुंबई उच्च न्यायालयाने या वृत्ताची स्वतःहून दखल घेतली. पुढच्याच वर्षी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील भिवधानोरा येथील मुले जायकवाडीचा फुगवटा थर्मोकोलच्या तराफ्यावरून पार करीत असल्याचे उघडकीस आले. तेव्हाही न्यायालयालाच लक्ष घालावे लागले.

या दोन्ही घटनांकडे प्रशासकीय दुर्लक्षाची उदाहरणे म्हणून पाहिले गेले आणि ते योग्यच होते. तथापि त्यांत एक कायदेशीर प्रश्नही दडलेला आहे. प्राथमिक शिक्षण हा मूलभूत हक्क आहे, शाळेच्या कारभारासाठी पालकांची वैधानिक समिती आहे, जिल्हा परिषद आहे, राज्य परिवहन महामंडळ आहे. इतकी व्यवस्था असताना शाळेच्या वाटेचा प्रश्न गावातून थेट उच्च न्यायालयात का जावा? मधल्या कोणत्याही पायरीवर तो सोडविण्याचा अधिकार कोणाकडेच नव्हता काय? महाराष्ट्रापुरते या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे झाल्यास शालेय व्यवस्थापनाचा कायदा आणि वाहतुकीचा कायदा एकत्र वाचावे लागतात. सामान्यतः ते तसे वाचले जात नाहीत. शिक्षणशास्त्राचे अभ्यासक पहिला वाचतात, परिवहन खाते दुसरा वाचते.

अंतर : सबबीपासून कर्तव्यापर्यंत

सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची कल्पना पश्चिम भारतात प्रथम संस्थानांनी प्रत्यक्षात आणली. सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात प्रयोग करून १९०६ मध्ये तो बडोदे संस्थानभर लागू केला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा आदेश काढला. ब्रिटिश मुलखात गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये मांडलेले विधेयक नामंजूर झाले, आणि मुंबई प्रांतात विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नांतून १९१८ चा कायदा आला. पुढे १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शिक्षणाचा कारभार स्थानिक संस्थांच्या हाती गेला. १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्यानंतर आणि १९६१ च्या जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियमानंतर ग्रामीण भागातील ही जबाबदारी जिल्हा परिषदेकडे स्थिरावली.

या जुन्या सक्तीच्या कायद्यांत अंतराचे स्थान लक्षात घेण्याजोगे आहे. सक्ती पालकावर होती. मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकाला दंड होता. अशा वेळी ठरावीक अंतराच्या आत शाळा नसणे ही गैरहजेरीची सबळ सबब मानली जात असे. दूरची शाळा पालकाला दंडातून मुक्त करी, आणि मुलाला शिक्षणातूनही.

२००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१-क आणला आणि १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा अमलात आला, तेव्हा ही मांडणी उलटली. कलम ८ च्या स्पष्टीकरणानुसार सक्ती आता शासनावर आहे. कलम ६ ने परिसरात शाळा स्थापन करण्याचे कर्तव्य शासन व स्थानिक प्राधिकरण यांवर टाकले. महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांनी पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर ही मर्यादा घातली. जेथे लहान वाड्या-पाड्यांमुळे शाळा काढणे शक्य नाही तेथे मोफत वाहतूक किंवा निवासी सोय यांसारखी पुरेशी व्यवस्था करावयाची आहे. अंतर ही पूर्वी पालकाची सबब होती. आता ती शासनाची देणेदारी झाली. शतकभराच्या कायदेविचारातील हे स्थित्यंतर मोठे आहे, आणि त्याचे श्रेय या अधिनियमास दिलेच पाहिजे.

परंतु देणेदारी ठरली तरी तिची वसुली कोणी व कशी करावयाची, हा प्रश्न उरतो. शिवाय महाराष्ट्राच्या नियमांत अंतराच्या निकषाला संख्येची जोड आहे. प्राथमिक शाळेसाठी सहा ते अकरा वयोगटातील किमान वीस मुले उपलब्ध असावीत, अशी अपेक्षा त्यांत आहे. परिणामी ज्या वस्तीत मुले थोडी तेथे शाळेऐवजी वाहतुकीचा पर्याय लागू होतो. म्हणजे राज्यातील सर्वांत दुर्गम आणि विरळ वस्तीच्या मुलांचा मूलभूत हक्क व्यवहारात वाहनावर अवलंबून राहतो. असे असताना नियमांत वाहतुकीविषयी एखाददुसरे वाक्य असावे आणि शाळेच्या इमारतीविषयी स्वतंत्र अनुसूची असावी, हा असमतोल डोळ्यांत भरतो.

शाळा व्यवस्थापन समिती : बहुमत आहे, अधिकार कोठे?

अधिनियमाच्या कलम २१ नुसार विनाअनुदानित खासगी शाळा वगळता प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असावी लागते. तिचे किमान तीनचतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात आणि वंचित घटकांतील पालकांना प्रमाणशीर प्रतिनिधित्व असते. महाराष्ट्रात जून २०१० च्या शासन निर्णयाने समितीची रचना ठरली. अध्यक्ष पालकांतून निवडला जातो व मुख्याध्यापक पदसिद्ध सचिव असतो. यापूर्वीच्या ग्रामशिक्षण समितीच्या तुलनेत ही रचना निश्चितच लोकाभिमुख आहे. मोलमजुरी करणारी आई शाळेच्या कागदपत्रांवर हक्काने प्रश्न विचारू शकते, ही गोष्ट लहान नव्हे.

समितीची कामे मात्र तपासून पाहावयास हवीत. शाळेच्या कामकाजावर देखरेख, शाळा विकास आराखडा तयार करून त्याची शिफारस, अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ही कायद्यातील मुख्य कामे होत. केंद्राच्या नमुना नियमांत पटनोंदणी व नियमित उपस्थिती, मध्यान्ह भोजन, अपंग मुलांच्या सोयी, शिक्षकांवरील अशैक्षणिक कामांचा भार यांचा समावेश आहे. मुलाने नियमित यावे हे पाहणे समितीचे कर्तव्य आहे. मूल कसे येते हे पाहण्याचे साधन तिच्याकडे नाही. नमुना नियमांनुसार आराखड्यात पटसंख्येचा अंदाज, शिक्षक, भौतिक सुविधा आणि त्यांसाठी लागणारा निधी यांची मांडणी करावयाची असते. वाहतुकीचे स्वतंत्र शीर्षक त्यात नाही. समितीने त्याची मागणी घुसडली तरी आराखडा ही केवळ शिफारस असते. कलम २२ नुसार तो शासन व स्थानिक प्राधिकरण यांच्या नियोजनाचा व अनुदानाचा आधार ठरावा असे म्हटले आहे; परंतु शिफारस नाकारल्यास कारणे नोंदवावीत, असे बंधन तेथे नाही.

तक्रारनिवारणाची वाटही अशीच वळणाची आहे. कलम ३२ नुसार बालकाच्या हक्काविषयीची तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे करावयाची, त्याने तीन महिन्यांत निर्णय द्यावयाचा आणि त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करावयाचे. ज्याच्यावर सोय करण्याचे कर्तव्य आहे त्याच्याकडेच सोय न झाल्याची तक्रार करावयाची, ही रचना तत्त्वतः सदोष आहे. त्यात तीन महिने म्हणजे शैक्षणिक वर्षाचा जवळजवळ एक तृतीयांश भाग. जूनमध्ये केलेल्या तक्रारीचा निर्णय लागेपर्यंत पावसाळा सरत आलेला असतो आणि ओढ्याचे पाणी ओसरलेले असते.

स्कूल बस नियमावली : दुसरी समिती

विद्यार्थी वाहतुकीच्या नियमनाची सुरुवात अपघातातून झाली. १८ नोव्हेंबर १९९७ रोजी दिल्लीत वझिराबाद येथे शाळेची बस यमुनेत कोसळून २८ विद्यार्थी मृत्युमुखी पडले. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने शालेय बसगाड्यांसंबंधी निर्देश दिले. महाराष्ट्राने मोटार वाहन अधिनियम, १९८८ खालील आपल्या अधिकारात २०११ मध्ये स्वतंत्र स्कूल बस नियम केले. वाहनाचा पिवळा रंग, वेगनियंत्रक, अग्निशामक, प्रथमोपचार पेटी, मदतनीस, मुलींसाठी महिला मदतनीस असे त्यांचे स्वरूप आहे.

या नियमांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी लागते. मुख्याध्यापक तिचा अध्यक्ष असतो. पालक-शिक्षक संघाचा प्रतिनिधी, पोलीस व मोटार वाहन निरीक्षक, शिक्षण निरीक्षक, स्थानिक प्राधिकरणाचा व बस कंत्राटदाराचा प्रतिनिधी हे सदस्य असतात. वाहतुकीची सुरक्षितता, भाडे, थांबे आणि वाहनाची कागदपत्रे हे तिचे विषय. समितीच्या रचनेत तज्ज्ञता आहे, खात्यांचा समन्वय आहे. या दृष्टीने शाळा व्यवस्थापन समितीपेक्षा ती अधिक सक्षम म्हणावी लागेल. परंतु जेथे मूल दररोज दोन वेळा आपला जीव वाहनचालकाच्या हाती सोपविते, तेथे पालकांची संख्या कंत्राटदाराच्या संख्येइतकीच ठेवलेली आहे.

दोन्ही समित्या शेजारी ठेवून पाहिल्या की विसंगती स्पष्ट होते. विनाअनुदानित इंग्रजी माध्यमाच्या शाळेत वाहन असते, परिवहन समिती असते. पण कलम २१ ची शाळा व्यवस्थापन समिती नसते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. पण स्वतःचे वाहन बहुधा नसल्याने परिवहन समितीपुढे विचारासाठी काही उरतच नाही. ज्या मुलांच्या पालकांना कारभारात वाटा आहे त्यांना वाहन नाही, आणि ज्यांना वाहन आहे त्यांच्या पालकांना कारभारात वाटा नाही. स्कूल बस नियमांनी गृहीत धरलेला विद्यार्थी हा बसमध्ये बसलेला विद्यार्थी आहे. पायी चालणारा, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभा राहणारा, काळ्या-पिवळ्या जीपच्या टपावर दप्तर सांभाळणारा विद्यार्थी त्या नियमांच्या दृष्टिक्षेपात येत नाही.

एसटीचा आधार आणि त्याच्या मर्यादा

ग्रामीण महाराष्ट्रात ही पोकळी प्रत्यक्षात भरून काढली ती राज्य परिवहन महामंडळाने. विद्यार्थ्यांचे सवलतीचे मासिक पास, अहिल्याबाई होळकर योजनेखाली विद्यार्थिनींना पाचवीपासून पुढे मिळालेला मोफत प्रवास आणि मानव विकास कार्यक्रमांतर्गत १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींसाठी प्रत्येकी पाच याप्रमाणे दिलेल्या बसगाड्या, यांमुळे हजारो मुलींचे माध्यमिक शिक्षण शक्य झाले. मुलीचे नाव शाळेतून कमी होण्याच्या कारणांत गावाबाहेरच्या माध्यमिक शाळेचे अंतर हे एक प्रमुख कारण असते. त्यावर या योजनांनी नेमका उपाय केला.

परंतु योजना आणि हक्क यांत भेद आहे. या सवलती शासनाच्या धोरणातून आल्या. शिक्षण हक्क कायद्याच्या वयोगटाशी त्यांचा मेळ नाही. मानव विकासाची बस आठवीपासून पुढच्या मुलींसाठी आहे. म्हणजे सहावी-सातवीतील मुलगी आणि चौदा वर्षांखालील सर्व मुलगे, ज्यांना घटनात्मक हक्क आहे, ते तिच्या कक्षेबाहेर राहतात. गाडीचे वेळापत्रक आगारात ठरते. ते ठरविताना शाळेच्या वेळेचा विचार व्हावा असे पालकांना वाटले तर विनंतीअर्ज करण्यापलीकडे मार्ग नाही. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला एसटी कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. करोनानंतर शाळा पुन्हा भरू लागण्याचा हाच काळ होता. संपाचा प्रश्न कामगारांच्या न्याय्य-अन्याय्य मागण्यांचा होता; परंतु वाहन थांबताच हक्कही थांबला आणि पर्यायी व्यवस्था करण्याचे कायदेशीर दायित्व कोणाकडेही बोट दाखवून मागता आले नाही, हे या काळाने दाखवून दिले.

समायोजनाचा प्रश्न

या विसंगतीची खरी कसोटी लागली ती कमी पटाच्या शाळांच्या बाबतीत. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पट असलेल्या सुमारे १,३०० शाळांच्या समायोजनाचा निर्णय झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूहशाळा करण्याविषयी प्रस्ताव मागविण्यात आले; तेव्हा अशा शाळांची संख्या १४,७८३ आणि त्यांतील विद्यार्थ्यांची संख्या सुमारे १ लाख ८५ हजार असल्याचे समोर आले. पुणे जिल्ह्यातील पानशेत आणि नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ येथील शाळा आदर्श म्हणून पुढे ठेवल्या गेल्या.

समूहशाळेच्या बाजूचा युक्तिवाद दुर्लक्षिण्याजोगा नाही. बारा-तेरा मुलांच्या शाळेत दोन शिक्षकांनी चार-पाच इयत्ता एकाच वेळी सांभाळावयाच्या, समवयस्क सोबती नाही, खेळाचा संघ नाही, प्रयोगशाळा नाही, ही स्थिती शैक्षणिकदृष्ट्या समाधानकारक नाही. मोठ्या शाळेत विषयनिहाय शिक्षक मिळतो, ग्रंथालय मिळते. प्रश्न समूहशाळा असावी की नसावी एवढाच नाही. ती उभी करताना मूल तेथपर्यंत नेण्याचे दायित्व किती पक्के आहे, हा खरा प्रश्न आहे. पानशेतच्या प्रयोगाला सामाजिक दायित्व निधीचा टेकू होता. तोरणमाळची शाळा निवासी आहे. हे दोन्ही आधार चौदा हजार शाळांना मिळतील असे गृहीत धरता येत नाही.

समग्र शिक्षा योजनेत वाहतूक सुविधेसाठी प्रति विद्यार्थी वर्षाला कमाल ६,००० रुपयांचा निकष आहे. प्राथमिक स्तरावर वर्षाचे किमान २०० कामाचे दिवस धरल्यास ही रक्कम दिवसाला ३० रुपये होते. बारा मुलांच्या वाडीसाठी एक वाहन लावावयाचे झाल्यास दिवसाकाठी ३६० रुपये हाती येतात. त्यात सकाळ-संध्याकाळच्या खेपांचे इंधन, चालकाचे मानधन, वाहनाची देखभाल आणि नियमाप्रमाणे मदतनीस हे सर्व बसवावयाचे. घाटातील वस्तीवर कोणता वाहनधारक एवढ्यात नियमाप्रमाणे वाहन चालवील? परिणाम उघड आहे : नियमबाह्य वाहन, क्षमतेहून अधिक मुले किंवा पायपीट. दुसऱ्या बाजूने, १ लाख ८५ हजार मुलांना हा निकष पूर्णांशाने लावला तरी वार्षिक खर्च सुमारे १११ कोटी रुपये होतो. शाळा मिटविल्याने होणाऱ्या बचतीचा हिशेब मांडताना हा आकडा वजाबाकीच्या रकान्यात लिहिणे आवश्यक आहे.

निर्णयप्रक्रियेचा मुद्दा याहून गंभीर आहे. आपली शाळा अन्य शाळेत विलीन करावी की नाही याविषयी शाळा व्यवस्थापन समितीची संमती अधिनियमाने आवश्यक ठरविलेली नाही. शाळेच्या रंगरंगोटीच्या खर्चावर समितीची सही लागते. शाळेच्या अस्तित्वावर लागत नाही. २०२३ मध्ये समूहशाळांचे प्रस्ताव मागविले गेले तेव्हा मार्च २०२२ पासून बहुतेक जिल्हा परिषदांचा कारभार प्रशासकांकडे होता. शिक्षण समितीत प्रश्न विचारणारा निर्वाचित सदस्यही नव्हता. ७३ व्या घटनादुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत शिक्षण हा विषय पंचायतींकडे सोपविण्याजोगा मानला. परंतु स्थानिक शाळेविषयीच्या सर्वांत मोठ्या निर्णयाच्या वेळी स्थानिक प्रतिनिधित्वच अनुपस्थित राहिले.

अंतराचा निकष कसा उलट वापरला जाऊ शकतो याचे आणखी एक उदाहरण २०२४ मधील आहे. त्या वर्षी फेब्रुवारीत राज्याने नियमदुरुस्ती करून एक किलोमीटरच्या आत शासकीय किंवा अनुदानित शाळा असल्यास खासगी विनाअनुदानित शाळेला २५ टक्के राखीव प्रवेशांतून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये ही दुरुस्ती रद्दबातल ठरविली. जो किलोमीटर मुलाच्या संरक्षणासाठी आखला होता तोच त्याच्या प्रवेशाविरुद्ध उभा केला गेला. एकीकडे समायोजन करताना तोच किलोमीटर लवचीक मानला जातो आणि दुसरीकडे सूट देताना काटेकोर, हे धोरणातील आत्मविसंगतीचे लक्षण होय.

तुलनात्मक दृष्टी

इंग्लंडमध्ये १९४४ च्या शिक्षण कायद्यापासून आठ वर्षांखालील मुलासाठी दोन मैल आणि त्यापुढील मुलासाठी तीन मैल ही चालण्याच्या अंतराची मर्यादा मानली गेली आहे. अंतर जवळच्या उपलब्ध वाटेने मोजावयाचे असते आणि वाट मुलाला सोबतीसह चालण्याजोगी आहे काय, याचा विचार न्यायालयांनी केलेला आहे. मर्यादा ओलांडली की शाळेपर्यंत नेण्याचे बंधन स्थानिक शिक्षण प्राधिकरणावर येते. तेथील मैलांचे आकडे आपल्याकडील किलोमीटरपेक्षा कठोर आहेत. त्या बाबतीत आपला कायदा अधिक उदार म्हणता येईल. घेण्याजोगी गोष्ट आहे ती दायित्वाची निश्चिती. कोणत्या प्राधिकरणाने, किती अंतरानंतर, कोणत्या वाटेच्या आधारे वाहन द्यावयाचे हे तेथे ठरलेले आहे. नकाशावरील सरळ रेषा आणि मुलाच्या पायाखालची वाट यांतील फरक सह्याद्रीच्या कुशीतील किंवा धरणाच्या फुगवट्यालगतच्या गावाला सांगण्याची गरज नाही. केंद्राच्या नमुना नियमांनी दरडी, पूर, रस्त्याचा अभाव अशा धोक्यांच्या ठिकाणी अंतराची मर्यादा कमी करण्याची तरतूद सुचविली होती; तिची अंमलबजावणी होती, तर होडीचा प्रश्न गावातच सुटला असता.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, महाराष्ट्रात शालेय कारभाराचा कायदा शाळेच्या फाटकापाशी थांबतो आणि वाहतुकीचा कायदा वाहनाच्या दारापासून सुरू होतो. घर आणि फाटक यांमधील पायवाट दोघांच्याही मध्ये राहून जाते. या स्थितीत काही दुरुस्त्या अगत्याच्या वाटतात. शाळा विकास आराखड्यात वाहतुकीचे स्वतंत्र शीर्षक असावे आणि त्यातील शिफारस नाकारताना कारणे लेखी देण्याचे बंधन स्थानिक प्राधिकरणावर असावे. परिवहन समिती ही शाळा व्यवस्थापन समितीची उपसमिती म्हणून काम करील आणि विनाअनुदानित शाळांत तिच्यात पालकांचे बहुमत राहील, अशी नियमदुरुस्ती व्हावी. समायोजनापूर्वी समितीची व ग्रामसभेची लेखी संमती आणि नवी वाहतूक व्यवस्था प्रत्यक्ष सुरू झाल्याचा दाखला, या दोन अटी असाव्यात. वाहन आधी यावे, कुलूप नंतर लागावे. प्रति विद्यार्थी निकष भूप्रदेशानुसार बदलावा. वाहतुकीच्या तक्रारीचा निर्णय तीन महिन्यांऐवजी काही दिवसांत लागावा आणि तो स्थानिक प्राधिकरणाबाहेरील यंत्रणेने द्यावा.

यांपैकी बहुतेक दुरुस्त्यांसाठी अधिनियमाला हात लावण्याचीही गरज नाही. राज्याच्या नियमांत त्या करता येतील. पालकांना समितीत बसविण्याचे काम २०१० मध्ये झाले. त्या समितीला तिच्या मुलांच्या वाटेवर अधिकार देण्याचे काम अद्याप शिल्लक आहे, आणि जोवर ते होत नाही तोवर परिसर शाळेचा हक्क हा विरळ वस्तीच्या मुलांपुरता कागदावरच्या किलोमीटरइतकाच खरा राहील.